कूलंटचा पाइप: कुठे रबराचा, कुठे धातूचा

तापलेल्या इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, साधारण 85 ते 105 अंश सेल्सिअसवर फिरतं आणि रेडिएटरच्या झाकणामुळे त्यावर बहुतेक गाड्यांत 0.9 ते 1.4 बार दाब असतो. पण पाइप निवडताना उष्णता आणि दाब एवढंच पाहून भागत नाही. इंजिन माउंटिंगवर सतत हलतं, रेडिएटर मात्र बॉडीला बांधलेला. दोघांमधली अख्खी लाइन धातूची केली, तर आज ना उद्या रेडिएटरचं तोंड तडकणार. म्हणून सरळ, लांब टप्पा धातूचा चालेल. हलणारा जोड रबरीच हवा.

रोजच्या गाडीला धाग्याची वीण असलेला ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) होज, म्हणजे लवचिक पाइप, पुरतो. त्याला तेल सोसत नाही. ऑइलचा पाझर लागत राहिला की तो फुगून मऊ पडतो, तेव्हा आधी पाझर थांबवा. दुसरं दुखणं बाहेरून दिसत नाही. वेगवेगळे धातू आणि त्यांमधलं कूलंट मिळून सूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो आणि होजला आतून, बहुधा टोकांजवळ, बारीक चिरा जातात. इंजिन थंड असताना क्लॅम्पशेजारी (होज आवळणाऱ्या पट्टीशेजारी) आणि मग मध्यावर चिमटीत दाबून पाहा. टोक जास्त मऊ लागलं तर होज बदला, वरून कितीही नवा दिसो.

सिलिकॉन होज टर्बोजवळच्या उष्णतेत उपयोगी. बाकी ठिकाणी तो बहुधा हौसेचा खर्च आहे. त्यातून पाण्याची वाफ हळूहळू झिरपते, त्यामुळे गळती नसतानाही पातळी थोडी उतरते. खाचांच्या पट्टीचा साधा क्लॅम्प त्याला कापतो. आतून गुळगुळीत पट्टी असलेलाच लावा.

धातूत ॲल्युमिनियम हलकं आणि वाकवायला सोपं; भिंत 1.5 मिमी असावी. नळाचं पाणी भरलं की मात्र ते आतून खड्डे पडून पोखरलं जातं. गाडीला सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळा. स्टेनलेस जड, पण गंजाची काळजी कमी. तांबं कंपनाने कडक होऊन चिरतं. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप नकोच: जस्ताची कूलंटशी अभिक्रिया होऊन गाळ तयार होतो आणि तो रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. पेट्रोलचा होज किंवा पीव्हीसी तात्पुरताही लावू नका.

काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे टी-जोड वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ होतात. होज ओढताना ते मोडतात, आणि चिकटवलेले टिकत नाहीत.

बसवताना धातूच्या टोकाला उठावाची वळी (सभोवती उंचवट्याचं कडं) हवी, नाहीतर दाबाखाली होज निसटतो. होज 25 ते 30 मिमी आत सरकवा. क्लॅम्प वळीच्या मागे येऊ द्या, वळीवर नको. दोन-तीनदा इंजिन तापून पूर्ण थंड झालं की पुन्हा आवळा.

रेडिएटरचा खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. मूळ होजमध्ये स्प्रिंग असेल तर नव्यातही हवी, नाहीतर जास्त वेगात तो आत ओढला जाऊन प्रवाह अडतो. गाडी थंड झाल्यावर होज चपटा दिसतो, ते वेगळं प्रकरण; तिथे बहुधा झाकणातला व्हॅक्यूम व्हॉल्व्ह (थंड होताना कूलंट परत आत घेणारी झडप) अडकलेला असतो.

मापासाठी जुना होज आणलात तर उत्तम, पण त्याची टोकं ताणलेली असतात. ज्या नळीवर तो बसतो तिचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून आणा. नव्या होजचा आतला व्यास तेवढाच लागतो.