अन्ननलिकेचा कॅन्सर : लिम्फ नोड मोजायला का लागले?

अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये एक ओळ येते, एवढे लिम्फ नोड (लिम्फ या द्रवाच्या वाटेवरच्या छोट्या ग्रंथी, कॅन्सर यांतून पसरू शकतो) तपासले आणि त्यातल्या एवढ्यांत कॅन्सर सापडला. घरच्यांनी ही ओळ डॉक्टरांकडून नीट समजून घ्याच, पुढचं बरंच काही तिच्यावर ठरतं.

सुरुवातीला नोडकडे बघायला फुरसतच नव्हती. १९१३ मध्ये न्यूयॉर्कला सर्जन फ्रांझ टोरेक यांनी एका बाईची छाती उघडून कॅन्सरचा भाग काढला, नंतर ती बाई मानेपासून जठरापर्यंत बाहेरून लावलेल्या रबरी नळीतून जेवायची, पण दहाहून जास्त वर्षं जगली! १९४६ मध्ये आयव्हर लुईस यांनी पोट आणि छाती अशा दोन टप्प्यांतली सर्जरी मांडली, ती आजही होते.

खरी अडचण अन्ननलिकेच्या रचनेतच आहे. आतल्या थरातल्या लिम्फच्या वाहिन्या उभ्या, वरखाली जातात, त्यामुळे गाठ छातीत असली तरी जवळचे नोड सोडून कॅन्सर थेट मानेत नाहीतर पोटात निघू शकतो. म्हणून जपानी सर्जननी १९८० च्या दशकात मान, छाती, पोट तिन्हीकडचे नोड काढायला घेतले. नेदरलँड्समध्ये २२० पेशंटवर तुलना झाली, छाती उघडून जास्त नोड काढायचे की छाती न उघडता कमी, तर एकूण आयुष्यात ठाम फरक दिसला नाही, पण ज्यांचे १ ते ८ नोड बाधित होते त्यांना मोठ्या सर्जरीचा फायदा होतोय असं वाटलं. म्हणजे पसरलाय पण थोडा, तिथे हात लांबवण्यात अर्थ असू शकतो.

स्टेजिंग, म्हणजे कॅन्सर किती पसरलाय ते ठरवणं, मात्र बराच काळ ढोबळच होतं, नोडमध्ये आहे किंवा नाही, एक असो वा दहा, खाना एकच. २०१० च्या सुमारास मोजणी आली : १-२ बाधित नोड म्हणजे एन१ (एन म्हणजे नोड), ३ ते ६ एन२, ७ किंवा जास्त एन३, आणि आकडा चढतो तसं जगण्याचं प्रमाण उतरतं. माझ्या मते हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

मग २०१२ मध्ये क्रॉस नावाची ट्रायल, म्हणजे पेशंटवर दोन उपचारांची तुलना करणारा अभ्यास, आली. आधी केमो-रेडिएशन आणि मग सर्जरी केलेल्यांत ३१ टक्क्यांच्या नोडमध्ये कॅन्सर सापडला, थेट सर्जरीवाल्यांत ७५ टक्क्यांच्या, आणि मीडियन आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) २४ महिन्यांवरून ४९ वर गेलं. आता आधी उपचार घेऊनही नोडमध्ये कॅन्सर उरला तर धोका जास्त धरतात, आणि २०२१ पासून अशांना सर्जरीनंतर निवोलुमॅब ही इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला मदत करणारं औषध, देता येते.