पडदे सातला की दहाला? मराठवाड्यातल्या पॉलीहाऊसच्या हिवाळी हवेची पार्श्वभूमी

डिसेंबर लागला की मराठवाड्यातल्या पॉलीहाऊसवाल्यांत, म्हणजे प्लॅस्टिक कागदाच्या छपराखाली पीक घेणाऱ्यांत, एक वाद हमखास निघतो. सकाळी बाजूचे पडदे सातला वर घ्यायचे की ऊन चढू देऊन दहाला? वाद वेळेचा वाटतो, पण त्याचं मूळ माथ्यावरच्या फटीत आहे. ही फट बंदच होत नाही.

पिकावर छप्पर घालण्याची कल्पना मुळात थंडीतून आली. रोमन सम्राटाला बारमाही काकडी मिळावी म्हणून पारदर्शक दगडाच्या पातळ पत्र्यांखाली वाफे झाकत, आणि पुढे हॉलंडमध्ये काचघरं उभी राहिली ती ऊब कोंडण्यासाठीच. आपल्याकडे १९९१ नंतर पुण्याच्या आसपास निर्यातीच्या फुलांसाठी हे तंत्र आलं तेव्हा प्रश्न उलटा होता: उष्णता बाहेर कशी काढायची? त्यातून उंच सांगाडा, २०० मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिक कागद, बाजूला गुंडाळणारे पडदे आणि माथ्यावर जाळी लावलेली कायमची फट असा नमुना रुजला. छपराचं पाणी वाहून नेणारं गटर दक्षिणोत्तर आणि फटीचं तोंड पूर्वेला, म्हणजे पावसाळी वाऱ्याकडे पाठ. हे गणित मावळाच्या कडेला ठीक बसलं.

२००५ नंतर केंद्राच्या फलोत्पादन योजनेतून अनुदान सुरू झालं आणि हाच नमुना जसाच्या तसा बालाघाटापलीकडे आला. इथला हिवाळा कोरडा, आभाळ निरभ्र. दुपारी तीस अंश आणि पहाटे दहाच्या खाली, हे इथे नवलाचं नाही. शिवाय हिवाळ्यात वारा ईशान्येकडून, पूर्वेकडून येतो. म्हणजे पावसाळ्यात पाठ फिरवलेली फट थंडीत वाऱ्याला तोंड देते. नकाशा काढताना याचा विचार कुणी केला होता, असं निदान बांधलेल्या घरांकडे पाहून तरी वाटत नाही.

इथे एका शब्दाने बराच घोळ घातला आहे. २०१४-१५ पासूनच्या अनुदानाच्या निकषांत पॉलीहाऊसचे मुख्य दोन प्रकार होते. पंखा-पॅडचं, म्हणजे ओल्या पॅडमधून पंख्याने हवा ओढून गारवा करणारं, खर्चाची मर्यादा चौरस मीटरला आकारमानानुसार १,६५० ते १,४०० रुपये. आणि ‘नैसर्गिक वायुवीजन’ असलेलं, १,०६० ते ८४४ रुपये. तेव्हा अनुदान ५० टक्के होतं, एका लाभार्थ्याला कमाल ४,००० चौरस मीटरपर्यंत. थ्री-फेज कधी दिवसा तर कधी रात्रीच्या पाळीला येणार, तिथे पंखे कोण चालवणार? त्यामुळे मराठवाड्याने दुसरा प्रकार घेतला, आणि बोलण्यात तो ‘एनव्हीपीएच’ (नॅचरली व्हेंटिलेटेड पॉलीहाऊस) झाला. पण ‘नैसर्गिक’ या शब्दाचा अर्थ ‘हवा आपली आपण खेळते’ असा घेतला गेला. उन्हाळ्यात तो खरा ठरतो: गरम हवा माथ्यातून निघते आणि बाजूने ताजी ओढली जाते. हिवाळ्यात मात्र चारी पडदे खाली असताना खालून हवा यायला वाटच नसते. ऊब फटीतून निसटते, दमटपणा पानांत अडकून बसतो. त्यात साधा प्लॅस्टिक कागद रात्री जमिनीतून निघणारी उष्णता फारशी अडवत नाही. वारा पडलेल्या निरभ्र रात्री आतला पारा बाहेरच्यापेक्षाही खाली गेल्याचं दिसतं, आणि शेतकरी चक्रावतो: पडदे तर संध्याकाळी चारलाच सोडले होते!

पडदे उशिरा उघडणाऱ्यांचंही म्हणणं खोटं नाही. ढोबळी मिरचीला रात्री बारा अंशांच्या खाली सोसत नाही. परागकण निकामी होतात, फळं चपटी, बटणासारखी, बियांशिवाय राहतात. २०१८ च्या डिसेंबरअखेर परभणीत पारा २ अंशांवर आला, त्यानंतर ही धास्ती वाढली. कुणी माथ्याची फट जुन्या कागदाने शिवून टाकली, तर कुणी पडदे अकरापर्यंत हलवलेच नाहीत.

पण सकाळी साडेसातला आत जाऊन पाहावं. कागदाच्या आतल्या बाजूला थेंबांची रांग लागलेली असते, काठी टेकवली की पाऊस पडतो. पडद्याचं हँडल फिरवताना पाणी बाहीतून कोपरापर्यंत उतरतं. ऊन लागलं की हवा लगेच तापते, फळ मात्र गारच राहतं, आणि त्या गार सालीवर दव धरतं. काकडीवरचा केवडा रोग, जरबेऱ्यावरची राखाडी बुरशी याच तासात पाय रोवतात. बंद घरात उजेड पडताच पानं कार्बन डायऑक्साइड झपाट्याने ओढून घेतात, नवा यायला वाट नसते. म्हणून ऊन पडताच वाऱ्याच्या आडोशाचा पडदा वीतभर उचलणं हे दोन अंश वाचवण्यापेक्षा मोलाचं आहे. फट शिवणाऱ्यांनी थंडीपेक्षा फवारणीवर जास्त पैसे घातले.

शेडनेटची, म्हणजे कागदाऐवजी सावलीची जाळी लावलेल्या घरांची, कहाणी वेगळी. जालना जिल्ह्यात, जाफराबादकडे, भाजीपाल्याचं संकरित बी करण्यासाठी ती गावोगाव उभी राहिली. २०१८ नंतर कर्जाऊ निधीच्या हवामान-अनुकूल प्रकल्पात मराठवाड्याचे आठही जिल्हे आले आणि संख्या आणखी वाढली. जाळीला कोंडण्याचा प्रश्नच नाही, उलट थंड वारा सरळ आत येतो. म्हणून ईशान्येच्या बाजूला कमरेइतका कागद लावतात. परागीकरण करणाऱ्या बायका उन्हं अंगावर आल्याशिवाय कामाला हात घालत नाहीत. गार फुलातून पराग सुटत नाही, हे त्यांना सांगावं लागत नाही.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनंतर सांगाड्याच्या मजबुतीची, विम्याची चर्चा भरपूर झाली. फटीची कुणी केली नाही. उघडझाप होणारा माथा बाजारात मिळतो, पण त्याचा जास्तीचा खर्च मंजूर दरात बसत नाही, म्हणून तो स्वतःच्या खिशातून करावा लागतो. तोवर बदलली आहे ती पाण्याची वेळ. ठिबक संध्याकाळी सोडायचं ते आता बरेच जण सकाळी नऊनंतर सोडतात, म्हणजे पडदे पडेपर्यंत वाफ्याचा वरचा थर सुकलेला असतो.