एक्स-मेन, १९७५ ते १९८१ : जुन्या अंकांमागची हकिकत

अनेक सुपरहिरोंना एका मेजाभोवती बसवण्याची कल्पना अमेरिकेत १९४०च्या हिवाळ्यात ‘जस्टिस सोसायटी’च्या रूपाने आली, १९५१मध्ये ती मासिकासकट बंद पडली आणि १९६०मध्ये ‘जस्टिस लीग’च्या निमित्ताने पुन्हा उभी राहिली. तिच्या खपाचा परिणाम म्हणून १९६१मध्ये मार्व्हल या प्रकाशनसंस्थेचे ‘फँटॅस्टिक फोर’ आले आणि सप्टेंबर १९६३ या तारखेचे ‘अ‍ॅव्हेंजर्स’ आणि ‘एक्स-मेन’ यांचे पहिले अंक बारा सेंटांना एकदमच बाजारात आले. या दोहोंपैकी ‘एक्स-मेन’ला, म्हणजे जन्मजात अद्भुत शक्ती लाभलेल्या नायकांच्या संघाच्या मासिकाला, सुरुवातीपासून सावत्रपणाच सोसावा लागला. मार्च १९७०च्या ६६व्या अंकानंतर त्यात नव्या कथा येणे थांबले. त्याच वर्षाच्या अखेरीस मासिक पुन्हा सुरू झाले खरे, पण ६७ ते ९३ या अंकांत फक्त जुन्याच कथा पुन्हा छापल्या गेल्या. आज ज्या पर्वाच्या आठवणी काढल्या जातात ते पर्व अशा जवळजवळ मेलेल्या मासिकातून निघाले, हे लक्षात ठेवले पाहिजे.

मे १९७५ या तारखेच्या, पन्नास सेंट किमतीच्या ६८ पानी विशेषांकाने हे चित्र पालटले. परदेशांतही अंक खपावेत यासाठी निरनिराळ्या देशांची पात्रे घ्यावीत, ही सूचना मुळात व्यवसायाच्या बाजूने आली होती. प्रत्यक्षात संघात केनियाची स्टॉर्म आणि सोव्हिएत संघातला कोलोसस आले, म्हणजे जिथे या अंकांना बाजारपेठच नव्हती अशा देशांची पात्रे. विक्रीचे गणित कुठल्या कुठे राहिले आणि मासिकाचे मात्र भले झाले. मुखपृष्ठावर जुना संघ भेदरलेल्या चेहऱ्यांनी पाहत आहे आणि त्यांचे चित्र असलेला कागद फाडून नवा संघ बाहेर उसळतो आहे, असे दृश्य होते. पुढच्या तीस वर्षांत या मुखपृष्ठाची इतक्यांनी नक्कल केली की मूळ चित्र पाहताना तेच नकलेसारखे वाटू लागते.

या नव्या संघाला रूप देणारा चित्रकार डीसी या प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्थेतून आला होता, आणि तो तिथून बाहेर का पडला हे सांगण्यासारखे आहे. तिथल्या किशोर सुपरहिरोंच्या मोठ्या संघातील दोघांच्या लग्नाचे एक गर्दीचे जोडपान त्याने काढले होते. त्याचे मूळ चित्र त्याने परत मागितले आणि त्याला नकार मिळाला. त्या काळी चित्रकाराला पानामागे ठरलेला मोबदला मिळे आणि मूळ पान संस्थेच्या मालकीचे समजले जाई, म्हणून नकारात संस्थेला काही वावगे वाटले नसावे. चित्रकाराने संस्थाच सोडली. जाताना त्याने वहीत तयार असलेली काही पात्रे बरोबर नेली, आणि शेपटीचा, तीन बोटांचा, गडद निळा नाइटक्रॉलर त्यांपैकीच एक होता. एका पानाची किंमत त्या संस्थेला अशी मोजावी लागली.

संघाचे चित्र काढणे हे एकट्या नायकाच्या चित्राहून वेगळे काम आहे. सतरा पानांच्या कथेत सात-आठ जणांना वावरायला जागा द्यायची, प्रत्येकाला निदान एक वाक्य आणि एक ठोसा द्यायचा, आणि खरखरीत वर्तमानपत्री कागदावर चार शाया थोड्या सरकल्या तरी कोण कुठे आहे हे वाचकाला ओळखू आले पाहिजे. म्हणून बाह्याकृतीला महत्त्व येते : नाइटक्रॉलरची शेपटी, कोलोससच्या अंगावरचे धातूचे पट्टे, स्टॉर्मचा फुललेला झगा, वुल्व्हरिनच्या मुखवट्याची दोन टोके. हे सगळे काळ्या छायेत बुडवले तरी माणूस ओळखता येतो. डिसेंबर १९७७च्या १०८व्या अंकापासून पेन्सिलकाम दुसऱ्या चित्रकाराकडे गेले. त्याचे बालपण आणि तारुण्य कॅनडात गेले होते, आणि वुल्व्हरिनला संघातून वगळण्याचा विचार चालू असताना संघातला एकमेव कॅनेडियन मी जाऊ देणार नाही, अशी त्याची भूमिका होती. पुढे त्या पात्रावर जो व्यवसाय उभा राहिला तो पाहता या देशाभिमानाचे मोल सांगायला नको. त्याच्या पेन्सिलीवर शाई चढवणाऱ्याचा हात मात्र पुरेसा वाखाणला जात नाही, असे मला वाटते. यंत्रांच्या नळ्या, भिंतींच्या विटा, केसांच्या बटा त्याने इतक्या बारीक आणि एकसारख्या रेषेत काढल्या आहेत की त्या हलक्या छपाईतूनही पान स्वच्छ दिसते. गर्दीच्या चौकटीत तो कधी कधी पॉपआय हा व्यंगचित्रांतला खलाशी दडवून ठेवी आणि वाचक तो शोधत बसत.

या पर्वातला खरा वाद १३७व्या अंकाचा आहे. जुन्या संघातल्या जीन ग्रेची फिनिक्स, म्हणजे अफाट शक्तीची धनीण, झाली ती १९७६च्या १०१व्या अंकात. १३५व्या अंकात ती भूक भागवण्यासाठी एक तारा गिळते आणि त्याभोवतीच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव भस्म होतात. लेखक आणि चित्रकार यांनी मुळात ठरवलेल्या शेवटात तिची शक्ती काढून घेतली जाणार होती आणि ती सामान्य स्त्री म्हणून जिवंत राहणार होती. पाने काढून, त्यांवर शाई चढवून तयारही झाली होती. मुख्य संपादकाने ती अडवली. इतका संहार करणारी व्यक्ती शिक्षेविना घरी परत जाणार असेल तर त्या कथेला नैतिक आधार उरत नाही, हा त्याचा आक्षेप होता. पर्याय म्हणून सुचलेली शिक्षा पुढच्या अंकांत निभावणे अवघड होते, आणि चर्चेअंती जीनला मारायचे ठरले. शेवटची पाने घाईने नव्याने काढली गेली आणि सप्टेंबर १९८० या तारखेचा, नेहमीच्या दुप्पट जाडीचा अंक पंचाहत्तर सेंटांना बाहेर पडला.

लेखक-चित्रकारांच्या हातातून कथा काढून घेतली गेली, असे म्हणणारे वाचक तेव्हाही होते आणि आजही आहेत. पद्धतीपुरता त्यांचा आक्षेप रास्त आहे. पण १९८४मध्ये मूळ शेवट संबंधितांच्या चर्चेसह स्वतंत्र अंक म्हणून छापला गेला, तेव्हा दोन्ही शेवट शेजारी ठेवून पाहण्याची सोय झाली, आणि त्या तुलनेत अडवलेला शेवट फिका पडतो, हे मान्य करावे लागते. छापलेल्या शेवटात चंद्रावरच्या ओसाड अवशेषांत जीन एक प्राचीन शस्त्र स्वतःच्या इच्छेने स्वतःवर चालवते, आणि तिचा प्रियकर सायक्लॉप्स मागे एकटा उरतो. आदेश कार्यालयातून आला असेल. मरणाचा निर्णय मात्र पात्राचा वाटतो, आणि त्याचे श्रेय त्या घाईत काढलेल्या पानांना आहे.

बिघाड झाला तो नंतर, १९८६मध्ये. १९६३च्या मूळ संघातल्या पाचही जणांना पुन्हा एकत्र आणून नवे मासिक काढायचे ठरले आणि त्यासाठी जीन हवी होती. मग न्यूयॉर्कच्या जमेका बे या खाडीच्या तळाशी एका कोशात ती सापडली, आणि चंद्रावर मेली ती जीन नव्हे, तिचे रूप घेतलेली एक शक्ती होती, असे सांगण्यात आले. म्हणजे ज्या नैतिक मुद्द्यासाठी १९८०मध्ये तयार पाने फेकली गेली, तो मुद्दा गुन्हेगारच बदलून निकालात काढला गेला. त्यातच तिच्याकडे धावत जाताना सायक्लॉप्सने बायको आणि तान्हे मूल सोडले. त्या पात्राची अब्रू त्यानंतर धडपणे सावरलीच नाही.

‘क्लासिक’ या शब्दाचा गुंता इथेच सुरू होतो. सप्टेंबर १९८६पासून ‘क्लासिक एक्स-मेन’ या नावाचे पुनर्मुद्रणाचे मासिक सुरू झाले. त्यात १९७५पासूनच्या कथा क्रमाने येत, परंतु जशाच्या तशा नव्हे. सुरुवातीच्या अंकांत मध्येच नवी पाने घातली गेली, मुखपृष्ठे नवी आली, आणि शेवटी जोडलेल्या छोट्या पूरक कथांपैकी एकीत फिनिक्स आणि जीन वेगळ्या असल्याचे नव्या खुलाशाला अनुसरून दाखवले गेले. एकंदरीत जुना अंक नव्या निर्णयाशी जुळवून घेण्यात आला. त्यामुळे आज कोणी ‘मी क्लासिक एक्स-मेन वाचले आहेत’ म्हणाला तर त्याने १९७६चा मजकूर वाचला की १९८६ची दुरुस्ती, हे विचारावे लागते. रंगांचेही तसेच आहे. मूळ अंकांत ठिपक्यांच्या जाळीतून मिळणारे मोजके सपाट रंग वर्तमानपत्री कागदात मुरत आणि सौम्य होत; तेच रंग गुळगुळीत पांढऱ्या कागदावर भडक दिसतात, म्हणून काही आवृत्त्यांत संगणकावर नवी रंगछटा दिली गेली आणि शाईची रेषा तिच्याखाली दबली.

मराठी वाचकाचे बालपण प्रामुख्याने १९६४पासून मुंबईहून निघणाऱ्या ‘इंद्रजाल’मधल्या वेताळाबरोबर गेले, आणि वेताळ एकटाच लढे. संघाची ही मासिके आपल्याकडे पोहोचली ती जहाजाने आलेल्या रद्दीतून आणि फोर्टच्या पदपथावरच्या ढिगांतून, क्रम तुटलेल्या अवस्थेत. मी स्वतः तिथे पाच रुपयांना घेतलेला, मुखपृष्ठ फाटलेला एक अंक अनेक वर्षे मूळचा १९७०च्या दशकातला समजून जपला. त्यात मधल्या दोन पानांवर चेहरे अचानक वेगळे होत, हनुवट्या रुंद होत आणि पुढच्या पानावर पुन्हा पूर्ववत येत. चित्रकार त्या दिवशी आजारी असावा, अशी माझी समजूत होती. ती दहा वर्षांनंतर घातलेली पाने होती.