स्क्लेरोडर्मा आणि नर्सिंगची साथ

स्क्लेरोडर्मा हे नाव ग्रीक शब्दांवरून आलंय, स्क्लेरॉस म्हणजे कडक आणि डर्मा म्हणजे कातडी. या नावानेच निम्मा घोळ होतो, कारण लोकांना वाटतं हा नुसता कातडीचा आजार, मलम लावलं की जाईल. खरं तर हा ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटते, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि कोलॅजन (कातडीला बळकटी देणारं प्रथिन) प्रमाणाबाहेर तयार होऊन साठत जातं. संसर्गजन्य अजिबात नाही. बायकांमध्ये जास्त दिसतो, बहुतेक वेळा 30 ते 50 या वयात सुरू होतो.

मॉर्फिया प्रकारात कातडीवर चट्टे येतात, सहसा तेवढ्यावरच थांबतं. सिस्टेमिक प्रकारात मात्र अन्ननलिका, फुप्फुसं, हृदय, किडनी कशालाही त्रास होऊ शकतो. सुरुवात बहुतेकांची रेनॉडने होते, म्हणजे थंडीत किंवा टेन्शनमध्ये बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल, आणि कित्येकदा हे वर्षानुवर्षं चालू असतं तरी कुणी मनावर घेत नाही.

मुळापासून बरं करणारं औषध अजून नाही. रेनॉडसाठी निफेडिपिन, इम्युनिटी दाबायला मायकोफेनोलेट, फुप्फुसांसाठी 2019 पासून निन्टेडॅनिब, असं ज्या अवयवाला त्रास त्याप्रमाणे औषध. डॉक्टर हे लिहून देतात, पण रोजचं निभावणं नर्सच शिकवते असं माझं स्पष्ट मत आहे.

बोटांचंच बघा. टोकाला जखम झाली की ती महिनोन्‌महिने भरत नाही, ड्रेसिंग चिकटलं असेल तर ओढायचं नाही, सलाईनने भिजवून सोडवायचं, नाहीतर नवीन कातडीही सोबत निघते. नुसते हातमोजे पुरत नाहीत, छाती-पोटही ऊबदार ठेवावं लागतं, आणि सिगारेट बंद म्हणजे बंद. तोंड उघडणं कमी होत जातं, मग लहान मुलांचा ब्रश वापरायचा आणि अंगठ्यांनी ओठांचे कोपरे हळू ताणायचा व्यायाम रोज करायचा. छातीत जळजळ होत असेल तर थोडं थोडं खायचं, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायची (नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं, उलटा त्रास).

बीपी घरी मोजणं मात्र चुकवू नये, विशेषतः कातडी भराभर कडक होत असेल तेव्हा. ज्याचं वरचं बीपी नेहमी 110 असतं त्याचं 145 आलं, डोकं दुखतंय, लघवी कमी झालीये, तर हा किडनीचा क्रायसिस असू शकतो, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. यात एसीई इन्हिबिटर नावाच्या बीपीच्या गोळ्या जीव वाचवतात, आणि स्टेरॉइडचे मोठे डोस हा धोका वाढवतात, म्हणून ते मनाने घ्यायचे नाहीत.

अजून एक, गार पडलेल्या बोटाला ऑक्सिमीटर लावला की आकडा खोटा येतो. अनुभवी नर्स अशा वेळी कानाला किंवा कपाळाला लावायचा वेगळा प्रोब मागवते.