भावनांचा नकाशा: मशीन काय मोजतं?

शहरात कुठे काय वाटतं याचे नकाशे काढायची सुरुवात पॅरिसची धरतात. १९५७ साली तिथल्या काही मंडळींनी शहराचा छापील नकाशा कापला, तुकडे सुटे मांडले आणि मधे लाल बाण काढले, कुठला भाग माणसाला ओढतो आणि कुठून पाय आपोआप वळतात ते दाखवायला. मग १९६० मध्ये बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या लोकांकडून आठवणीतनं नकाशे काढून घेतलेला अभ्यास आला. पण आज ज्यावरून वाद होतात ते सगळं २००४ नंतरचं.

लंडनमधल्या एका कलाकारानं बोटांना लावायचं सेन्सर जीपीएसला जोडलं. बोटांना घाम सुटला की कातडीतून वीज सहज जाते, मशीन तेवढंच टिपतं, आणि तेव्हा माणूस कुठे होता ते जीपीएस सांगतं. ग्रिनिचमध्ये २००५-०६ ला लोक असे चालून आले, आलेखात जिथे जिथे उंचवटा दिसला तिथे काय झालं होतं ते त्यांनी स्वतः लिहिलं. याला नाव पडलं भावनांचा नकाशा, आणि घोळ झाला तो या नावानं. उंचवटा म्हणजे फक्त अंगात खळबळ झाली, मग ती भीतीनं की जुना मित्र दिसला म्हणून ते मशीनला कळत नाही. तरी पुढे सगळ्यांचे आकडे एकत्र करून शहरावर रंगीत डोंगर उभे केले, बघणाऱ्याला वाटतं लाल म्हणजे वाईट जागा. मला तो निर्णय आजही पटत नाही, कारण माणसानं लिहिलेली ती ओळ हाच खरा ऐवज होता.

पणजीत तर हे आणखी अवघड. मे महिन्यात मळा या वाड्यातनं अल्तिन्हो टेकडीची चढण चढा, वर पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो, यात भावना किती आणि दमट हवा किती? उलट पहाटे पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजतो, मागोमाग गरम पावाचा वास येतो, तेव्हा जे वाटतं ते एवढं शांत असतं की आलेखात रेघसुद्धा हलणार नाही.

वासांचेही नकाशे निघाले, आवाजांचेही निघाले, आता घड्याळंच नाडी मोजतात त्यामुळे बऱ्याचदा बोटांना वेगळं सेन्सर लावावं लागत नाही. इथे कोणी करणार असेल तर तोच रस्ता जानेवारीत एकदा आणि मेमध्ये एकदा चालवा, आणि घरी जायच्या आधी प्रत्येकाला समोर बसवून विचारा, इथे तुला काय झालं रे?