लहान शहरातलं थाई हॉटेल आणि समीक्षेची मोजपट्टी

आयोवातलं एम्स किंवा इंडियानातलं लाफायेत अशा एखाद्या लहानशा अमेरिकन शहरात थाई हॉटेलात शिरलं, की मेन्यूकार्ड न उघडताही आत काय असेल याचा अंदाज बांधता येतो. पॅड थाई (परतलेल्या नूडल्स), ड्रंकन नूडल्स, हिरवी, लाल आणि मसामन करी, टोम खा सूप, आंब्याबरोबर चिकट भात. जोडीला क्रॅब रांगून, आणि पुष्कळदा सुशीचं एक वेगळं पान. तिखट किती हवं ते एक ते पाच आकड्यांत सांगायचं. या हॉटेलांबद्दल जे लिहिलं जातं तेही असंच ठरलेलं असतं: 'अगदी अस्सल', 'अजिबात अस्सल नाही', 'स्वस्त आणि भरपूर'. जेवण आणि अभिप्राय दोन्ही साच्यातले कसे झाले, याला मोठा इतिहास आहे. त्याचा दोष मात्र एकट्या स्वयंपाकघराच्या माथी मारला जातो, आणि ते मला पटत नाही.

सुरुवात चिनी हॉटेलांपासून करावी लागते. 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचं दार बंद झालं. व्यापाऱ्यांना मात्र सूट होती. 1915 साली एका न्यायालयीन निकालानंतर हॉटेलमालकही व्यापाऱ्यांत धरले जाऊ लागले. हॉटेल काढलं तर मायदेशी जाऊन परत येता येई, नातलगांना आणता येई. त्यामुळे हॉटेलं झपाट्याने वाढली आणि पुढे छोट्या गावांपर्यंत पोचली. आशियाई जेवण म्हणजे गोडसर, चटकन मिळणारं आणि स्वस्त, ही गिऱ्हाइकाची समजूत तिथे घडली. थाई माणूस त्या गावात पोचला तेव्हा ही समजूत आधीच टेबलावर बसलेली होती. क्रॅब रांगून हे तिचंच अपत्य. चीज भरलेला हा तळलेला पदार्थ 'ट्रेडर व्हिक्स' या अमेरिकन हॉटेलांनी लोकप्रिय केला. थायलंडशी त्याचा काही संबंध नाही, पण तो मेन्यूत नसेल तर गिऱ्हाईक विचारतं.

थाई लोक मोठ्या संख्येने आले ते 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर. त्याच काळात व्हिएतनाम युद्धासाठी थायलंडमधल्या उडोन, कोरात, उतापाओ इथल्या तळांवर हजारो अमेरिकन सैनिक होते. त्यांच्यातल्या काहींनी थाई मुलींशी लग्नं केली आणि त्या जोडप्यांबरोबर थाई स्वयंपाक अमेरिकेतल्या लष्करी तळांच्या आसपासच्या गावांत गेला. पण साहित्य कुठून आणायचं? लॉस एंजेलिसमध्ये सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला 'बँकॉक मार्केट' हे किराणा दुकान निघालं, तेव्हा कुठे गलांगल (आल्यासारखा कंद), गवती चहा, फिश सॉस एका जागी मिळायला लागलं. तिथून दोन हजार मैलांवर असलेल्या स्वयंपाकिणीला हाताशी असेल त्यावर भागवावं लागे. चिंचेच्या कोळाऐवजी केचप किंवा व्हिनेगर, ताडगुळाऐवजी साधी साखर. चिंच-गुळावर वाढलेल्या आपल्या जिभेला तो फरक लगेच कळतो. आज साहित्य मिळतं, पण तोवर गिऱ्हाइकाला लालसर, गोड पॅड थाईची सवय लागलेली असते.

खुद्द पॅड थाईचा इतिहासही अस्सलपणाच्या चाहत्यांना अडचणीत टाकणारा आहे. थायलंडचे पंतप्रधान फिबुन सोंगख्राम यांच्या राजवटीत, म्हणजे 1938 ते 1944 या काळात, राष्ट्रबांधणीच्या मोहिमेचा भाग म्हणून सरकारने नूडल्सचा प्रचार केला. नूडल्स परतायची पद्धत चिनी, नाव मात्र देशाचं. पुढे 2002 च्या सुमारास थाई सरकारने परदेशातली थाई हॉटेलं सुमारे 5,500 वरून 8,000 वर न्यायची योजना आखली. कर्जं, आचाऱ्यांचं प्रशिक्षण, हॉटेलांचे तयार नमुने, 'थाई सिलेक्ट' हे प्रमाणपत्र, असा सगळा सरंजाम होता. खाण्यातून देशाचं नाव आणि निर्यात वाढवायची, हा हिशेब. तेव्हा सगळीकडे तोच मेन्यू दिसतो त्यामागे आचाऱ्याचा आळस असेलच असं नाही. काही अंशी ते सरकारी धोरणही आहे.

त्यात आणखी एक गुंता आहे. पाटीवर 'थाई' लिहिलेल्या पुष्कळ हॉटेलांचे मालक लाओसचे आहेत. 1975 नंतर निर्वासित म्हणून आलेल्या या लोकांचं जेवण कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी ओळखीचं नाव लावलं. व्हर्जिनियातल्या फॉल्स चर्च या छोट्या शहरात सेंग लुआंगराथ यांनी 'बँकॉक गोल्डन' हे थाई हॉटेल घेतलं आणि थाई मेन्यूच्या आडून हळूहळू लाओ पदार्थ द्यायला सुरुवात केली. 2017 मध्ये त्यांनी हॉटेलाचं नाव बदलून 'पाडेक' ठेवलं. पाडेक म्हणजे लाओ पद्धतीचा मुरवलेला, दाट फिश सॉस. अशा ठिकाणी 'थाई म्हणून कमी पडतं' असा शेरा मारणारा समीक्षक भलत्याच विषयाचा पेपर तपासत असतो.

आता समीक्षेकडे. डंकन हाइन्स हा छपाईच्या धंद्यातला फिरता विक्रेता. 1935 च्या नाताळात त्याने आपल्या पसंतीच्या 167 खाणावळींची यादी मित्रांना पाठवली. पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक झालं. त्याचा प्रश्न साधा: परक्या गावात स्वच्छ आणि चांगलं कुठे मिळेल? 1957 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ला खाद्यसंपादक म्हणून क्रेग क्लेबोर्न आले आणि रोख बदलला. गुपचूप जायचं, पुन्हा पुन्हा जायचं, पैसे वर्तमानपत्राने भरायचे. 1963 मध्ये त्यांनी तारे द्यायला सुरुवात केली. शिस्त उत्तम, पण पट्टी फ्रेंच हॉटेलांच्या मापाची: टेबलावरची चादर, वाइनची यादी, वेटरची अदब. फॉर्मायकाच्या टेबलांच्या थाई हॉटेलाला त्या पट्टीवर जागाच नव्हती.

ती जागा लॉस एंजेलिसमध्ये जोनाथन गोल्ड यांनी करून दिली. 1986 पासून ते 'एलए वीकली'त दुकानांच्या ओळीत लपलेल्या छोट्या हॉटेलांवर गांभीर्याने लिहू लागले, आणि 2007 मध्ये समीक्षेचं पुलित्झर मिळवणारे पहिले खाद्यसमीक्षक ठरले. पण गोल्ड यांच्या हाताशी अख्खं थाई टाउन, म्हणजे थाई लोकांची वस्ती, होतं. दहा हॉटेलं असतील तर त्यातलं दक्षिण थाई कोणतं, ईशान्येकडच्या इसान भागातलं कोणतं, असा भेद करता येतो. गावात एकच हॉटेल असेल तर तुलना कशाशी करणार?

लहान शहराचं उत्तर मला मॅरिलिन हॅगर्टी यांच्याकडे सापडतं. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या दैनिकात त्या 'ईटबीट' हे सदर लिहीत. 2012 च्या मार्चमध्ये, वयाच्या 85 व्या वर्षी, नव्याने उघडलेल्या 'ऑलिव्ह गार्डन' या साखळी हॉटेलावर त्यांनी मनापासून लिहिलं, आणि महानगरातल्या लोकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. प्रसिद्ध आचारी आणि लेखक अँथनी बोर्डेन यांनी मात्र त्यांची बाजू घेतली आणि पुढच्या वर्षी हॅगर्टींच्या लेखांचं पुस्तक काढलं. काय मिळतं, केवढ्याला मिळतं, बसायला कसं आहे, हे गावाला सांगणं त्यांना महत्त्वाचं वाटे. मालक उद्या बाजारात भेटणार असतो, तिथे फटकारे मारण्याची चैन परवडत नाही.

स्वस्ताईची अपेक्षा हा यातला सर्वांत जुना अन्याय. न्यूयॉर्क विद्यापीठातले खाद्यसंस्कृतीचे अभ्यासक कृष्णेंदु रे यांनी हॉटेलांच्या दरांवरून दाखवून दिलं, की एखाद्या स्थलांतरित समाजाच्या जेवणाला किती पैसे मोजायचे हे बरंचसं त्या समाजाच्या आर्थिक स्थितीवर ठरतं, कौशल्यावर नव्हे. करीसाठी मसाला रोज कुटायचा तर माणूस लागतो. बारा डॉलरच्या करीत तो बसत नाही, मग डबाबंद पेस्ट येते, आणि मग 'अस्सल नाही' हा शेरा येतो.

2004 मध्ये गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांचं 'येल्प' हे संकेतस्थळ सुरू झालं आणि तारे सगळ्यांच्याच हातात आले. अर्थतज्ज्ञ मायकल लुका यांनी सिएटलच्या हॉटेलांची आकडेवारी तपासून काढलं, की एक तारा वाढला तर उत्पन्न 5 ते 9 टक्के वाढतं; आणि हा परिणाम साखळी हॉटेलांवर नाही, स्वतंत्र हॉटेलांवर होतो. 2005 पासून अमेरिकेतली एक तृतीयांशाहून जास्त वर्तमानपत्रं बंद पडली, त्यामुळे पुष्कळ गावांत हे तारे एवढीच काय ती समीक्षा उरली आहे.

त्यात आपली मंडळीही आली. विद्यापीठांच्या गावांत राहणारे मराठी विद्यार्थी आणि इंजिनीअर थाई हॉटेलांचे नेमाने येणारे गिऱ्हाईक. भात, नारळ, तिखट, सगळं जवळचं वाटतं. शाकाहारी असतील तर टोफू सांगतात आणि 'व्हेज करी मस्त' म्हणून पाच तारे देतात. करीच्या पारंपरिक पेस्टमध्ये कोळंबी आंबवून केलेलं वाटण असतं, नूडल्समध्ये फिश सॉस नाहीतर ऑयस्टर (कालवांचा) सॉस. त्यामुळे आधी काउंटरवर स्पष्ट विचारावं आणि मिळालेलं उत्तर अभिप्रायात लिहावं. मागून येणाऱ्या शाकाहारी माणसाला पाच ताऱ्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.