रिस्पेक्ट आणि स्पष्ट: एक जुनं नातं

‘विथ रिस्पेक्ट टू युवर अ‍ॅप्लिकेशन...’ अशी सुरुवात असलेलं पत्र आलं की पुढे बहुतेक वेळा नकारच असतो. मग यात रिस्पेक्ट कसला? तर जुन्या अर्थाचा. लॅटिनमध्ये ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणं आणि ‘रेस्पिकेरे’ म्हणजे वळून पाहणं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत आला तो ‘संबंध, संदर्भ’ या अर्थाने. पत्रातला रिस्पेक्ट तोच. आदर हा अर्थ रुळला सोळाव्या शतकात. ज्याच्याकडे मान वळवून पुन्हा पाहावंसं वाटतं, तो आदराचा धनी.

गंमत म्हणजे तिरस्कारही याच घरातला. ‘डी’ म्हणजे खाली. वरून खाली पाहिलं की ‘डिस्पाइज’. खालून, चोरून पाहिलं की ‘सस्पेक्ट’. नजर तीच, फक्त मानेचा कोन बदलला.

आता आपल्याकडे या. संस्कृतात पाहण्यासाठी ‘स्पश्’ हा धातू आहे. ऋग्वेदात वरुणाचे हेर येतात, त्यांना ‘स्पशः’च म्हटलंय. या धातूपासून झालेला आणि आपण रोज वापरतो तो शब्द म्हणजे ‘स्पष्ट’, मुळात ‘दिसलेलं’. सुरुवातीचा ‘स’ गळून ‘पश्यति’ झालं. इंग्रजीतला ‘स्पाय’सुद्धा याच गोतावळ्यातला. ग्रीकांनी तर ‘प’ आणि ‘क’ची अदलाबदल केली, आपण बोलताना नुकसानाचं ‘नुस्कान’ करतो तशी. टेलिस्कोपमधला ‘स्कोप’ तिथून आला.

हे नुसतं ध्वनिसाम्य नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असं संस्कृतचा अभ्यासक असलेल्या विल्यम जोन्स या ब्रिटिश न्यायाधीशाने 1786 मध्ये कलकत्त्यात मांडलं. पुढच्या अभ्यासकांनी ध्वनिबदलांचे नियम शोधले. लॅटिनच्या ‘क’समोर संस्कृतात ‘श’ येतो, तो असा एका शब्दापुरता नसतो: लॅटिन ‘डेकेम’, आपलं ‘दश’. ‘स्पेक्’ आणि ‘स्पश्’ची जोडी त्याच नियमात बसते.

संस्कृतात पाहण्याचा ‘ईक्ष्’ हा आणखी एक धातू आहे. त्याचं मूळ वेगळं, पण खोड्या त्याच. चहूकडून पाहिलं की परीक्षा, नीट न्याहाळलं की निरीक्षण. म्हणून तर इन्स्पेक्टरचा निरीक्षक अगदी चपखल झाला. आणि उपेक्षेतही ‘ईक्ष्’ आहेच. दिसलेलं असतं सगळं, फक्त ढुंकून पाहायचं नसतं.